अप्पाराव, लीडिंग स्टोकर

२०१६ च्या अँझॅक डेच्या आदल्या संध्याकाळी मी न्यूझीलंडमधल्या हिल्सबरोच्या घराच्या लाकडी डेकवर बसून बुटांना पॉलिश करत होतो. अँझॅक डे म्हणजे इथला सैनिकांच्या स्मरणाचा दिवस. पहाटे प्रत्येक भागातल्या स्मारकापाशी लोक जमतात. शेजारच्या ग्रॅहमने मला बरोबर चल म्हटलं होतं. मी अजून हो म्हटलं नव्हतं.

पत्नी गेल्यावर मी पुणं सोडून मुलीकडे, मंजिरीकडे, आलो. ती आणि जावई दोघंही आयटीत. दिवसभर घरात मी एकटाच असायचो. ग्रॅहमशी ओळख झाली ती बुटांमुळेच. दर रविवारी मी पॉलिश करताना त्याने कुंपणापलीकडून पाहिलं होतं. एकदा त्याने विचारलं, "आर्मी की नेव्ही?"

"इंडियन नेव्ही. टेलिग्राफिस्ट."

"मी तोफखान्यात होतो. व्हिएतनामला."

त्यानंतर आम्ही रोज बोलू लागलो. माझं इंग्रजी नेव्हीतलं, त्याचं न्यूझीलंडचं. अर्धं कळायचं, तेवढं पुरायचं. व्हिएतनाममध्ये तो अमेरिकेच्या बाजूने लढला होता. परत आला तेव्हा गणवेश घालून शहरात फिरू नका, असं सैनिकांना सांगितलं गेलं. लोक त्या युद्धावर चिडलेले होते. त्याच्या तोफेवरचा टामा नावाचा गनर, इथल्या मूळच्या माओरी लोकांपैकी, तिथेच मारला गेला. टामाबद्दल तो फार बोलायचा नाही. टामा गिटार वाजवायचा, एवढंच मला ठाऊक होतं.

त्या संध्याकाळी ग्रॅहम पायऱ्यांवर येऊन बसला आणि त्याने विचारलं, "तू कुणाला गमावलंस?"

घरच्यांनीही मला हे कधी विचारलं नव्हतं. मी ब्रश खाली ठेवला आणि त्याला अप्पारावबद्दल सांगितलं.

डिसेंबर १९७१. आमची युद्धनौका, एक फ्रिगेट, बंगालच्या उपसागरात गस्तीवर होती. जहाज जुनं, इंग्रजी बनावटीचं. त्या वर्षी भारताचा रशियाशी करार झाला होता आणि अमेरिका पाकिस्तानच्या पाठीशी होती. युद्ध सुरू होऊन थोडेच दिवस झाले असताना बातमी आली, की अमेरिकेचं विमानवाहू जहाज आपल्या ताफ्यासह उपसागराकडे निघालं आहे. त्यांच्यामागे रशियन जहाजंही निघाली होती. दोन मोठ्या सत्तांच्या मध्ये आमचं जहाज सापडणार, असं मेसमध्ये सगळे बोलत होते.

बॉयलर सांभाळणारा लीडिंग स्टोकर अप्पाराव आंध्रातल्या श्रीकाकुलमकडचा. बॉयलर रूममधली वॉच, म्हणजे पाळी, संपली, की तो वायरलेस ऑफिसच्या दाराशी येऊन बसायचा, कारण तिथे पंखा होता. "तुझ्या मशीनला पंखा आहे, आम्हा माणसांना नाही," असं मोडक्या हिंदीत म्हणायचा. मग विचारायचा, "काय म्हणतोय अमेरिका?" सिग्नलमधलं मला काही सांगता येत नसे. मी म्हणायचो, "तुझी चौकशी करतोय." तो हसायचा आणि डोळे मिटून पंख्याखाली पडून राहायचा.

दुपारची वॉच होती. मी सेटवर होतो. जहाज एकदम हादरलं, दिवे गेले, पंखा थांबला. मी बॅटरीवरचा सेट चालू केला. वर ब्रिजशी बोलायच्या व्हॉइस पाइपमधून कॅप्टनच्या जागेवरून आवाज आला.

"वायरलेस, ब्रिज. रिपोर्ट."

"ब्रिज, वायरलेस. बॅटरीवर आहे. ऐकू येतंय."

"ऐकत राहा. जागा सोडू नका."

काय झालं ते मला नंतर कळलं. एका बॉयलरच्या वाफेच्या पाइपचा जोड फाटला होता. खाली अप्पारावसह चौघं होते. ते शिडीने वर आले. ती वाफ बाहेरून बंद करायचं चाक अडकलेलं होतं. ती बंद होईपर्यंत दुसऱ्या बॉयलरची वाफही तिथूनच जात राहणार होती आणि जहाज जागेवरच उभं राहणार होतं. शत्रूची पाणबुडी त्या भागात असण्याची शक्यता होती. अप्पारावने अंगावर ओलं ब्लँकेट घेतलं आणि तो पुन्हा खाली उतरला. त्याला कुणी ऑर्डर दिली नव्हती. त्याने आतला व्हॉल्व्ह हाताने बंद केला. त्याला बाहेर काढलं तेव्हा तो शुद्धीवर होता.

थोड्या वेळाने दिवे आले. पंखा फिरू लागला. जहाज हललं.

वॉच संपल्यावर मला सिक बेमध्ये, जहाजावरच्या दवाखान्यात, जाऊ दिलं. तिथल्या पेटी ऑफिसरने दारातच नकारार्थी मान हलवली. अप्पारावचे हात आणि चेहरा बँडेजमध्ये होते. मी नाव सांगितलं. त्याने हळू विचारलं, "काय म्हणतोय अमेरिका?"

"अजून लांब आहे."

"आपलं जहाज चालतंय?"

"चालतंय. दुसऱ्या बॉयलरवर."

पहाटे तो गेला.

बंदरात परतण्याची ऑर्डर नव्हती. कॅप्टनने जहाज हळू केलं. कॅनव्हासमध्ये शिवलेलं, झेंड्याखालचं शरीर समुद्रात सोडलं. मी वॉचवर असल्यामुळे डेकवर जाऊ शकलो नाही. इंजिनाचा आवाज कमी झालेला ऐकला आणि पुन्हा वाढलेला ऐकला. अमेरिकेचं जहाज आम्हाला शेवटपर्यंत दिसलं नाही. ढाका पडलं आणि युद्ध संपलं.

ग्रॅहमने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "म्हणजे आपण दोघं विरुद्ध बाजूंना होतो."

"कॅप्टनने आम्हाला बाजू सांगितली नव्हती. फक्त कोर्स दिला होता, जायची दिशा."

तो हसला. मी म्हणालो, "तो शत्रूच्या गोळीने गेला नाही, ग्रॅहम. पाइप फुटून गेला. तुमच्या स्मारकापाशी त्याचं काय काम?"

"तिथे हे कुणी विचारत नाही, मेट," तो म्हणाला. "पहाटे पाच वाजता हॉर्न वाजवतो."

मी गेलो. अंधारात शेकडो माणसं उभी होती, पण लहान मुलांचाही आवाज नव्हता. बिगुल वाजला तेव्हा ग्रॅहम ताठ उभा राहिला. सगळे पांगल्यावर तो स्मारकाच्या दगडापाशी गेला आणि त्याने हळूच टामाचं नाव घेतलं. मग माझ्याकडे पाहिलं. मी पुढे होऊन अप्पारावचं नाव घेतलं. त्याच्या घरची माणसं त्याला काय म्हणून हाक मारत, ते मला ठाऊक नव्हतं. म्हणून मी रँक लावून नाव घेतलं.

पुढच्या वर्षीही आम्ही गेलो. त्याच हिवाळ्यात ग्रॅहम हॉस्पिटलमध्ये गेला आणि परत आला नाही. त्याचं घर विकलं गेलं. तिथे आता एक तरुण जोडपं राहतं. बोलायला चांगले आहेत, रोज 'किया ओरा' असा माओरी नमस्कार करतात. मी अजून रविवारी डेकवर बसतो आणि कुंपणाकडे बघतो.

२०१८ च्या अँझॅक डेला मला मंजिरीने नेलं. बिगुल झाला, माणसं पांगली. मी दगडापाशी गेलो. गनर टामा. गनर ग्रॅहम. लीडिंग स्टोकर अप्पाराव. एवढंच म्हणालो आणि सॅल्यूट केला.

परत येताना गाडीत मंजिरीने विचारलं, "बाबा, अप्पाराव दिसायला कसे होते?"

मी म्हणालो, "उंच होता. आमच्या वायरलेस ऑफिसच्या दारातून आत येताना वाकायचा. तरी डोकं आपटायचाच."

पुढे मला बोलता येईना. मंजिरीने गाडी रस्त्याच्या कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि माझ्याशेजारी बसून राहिली.