कानातले खडे आणि चावंडची वाट

"तुमच्या कानातले खडे जागचे हललेत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. मूतखडा ऐकून होतो. कानात खडे कुणी ऐकलेत?

आजाराचं नाव बीपीपीव्ही. आतल्या कानात तोल सांभाळणारे बारीक कण असतात. ते भलत्या नळीत शिरले की मान वळवताच सगळं गरगरतं. डिंगोरे गावातल्या आमच्या घरी सकाळी कुशीवर वळलो, तर छप्परच फिरायला लागलं होतं.

उपचार काय, तर एप्ली मॅनुव्हर. म्हणजे आडवं निजवून डोकं ठरावीक पद्धतीनं वळवायचं, की कण परत जागेवर जातात. बाईंनी तेवढंच केलं. गोळी नाही, इंजेक्शन नाही. असा कुठं दवाखाना असतो का? मेंदूत गाठ असणार आणि माझ्यापासून लपवताहेत, असं मी धरूनच चाललो. त्यात बायको, सुनंदा, मला बाकावर बसवून एकटीच आत जाऊन आली. बाहेर आली ती "चला घरी" एवढंच म्हणाली.

मग हट्टानं एमआरआय केला, म्हणजे मोठ्या चुंबकाच्या यंत्रातून मेंदूचा फोटो. नॉर्मल आला. रिपोर्ट दुसऱ्याचा असेल, मी म्हणालो.

"आता मशीन बी खोटं बोलतंय व्हय?" सुनंदा वैतागली.

खरी धास्ती चावंड गड सुटण्याची होती. वडील गेले तेव्हा, कंपनीतली नोकरी सुटली तेव्हा, मी त्या गडावर जाऊन बसलो आणि माणसात परत आलो. सैल दगडाचा संशय घ्यायलाही मला त्यानंच शिकवलं. तो गड सुटला तर मी कुठं जाऊ, या विचारानं मला रडू यायचं.

डॉक्टरीणबाईंकडून पुन्हा एकदा तसंच डोकं वळवून घेतलं आणि गरगर थांबली. तुमच्यावर ही वेळ आली तर कानाच्या डॉक्टरला दाखवा, शंका तोंडावर विचारा. मी विचारल्या नाहीत, नुसत्या पोसल्या.

पुढे चावंडला निघालो, तर कधी टेकडीही न चढलेली सुनंदा म्हणाली, "मी बी येते." माझा संशय पक्का झाला. कातळातल्या पायऱ्यांवर रेलिंग धरून थांबलो आणि विचारलं, "त्या दिवशी डॉक्टरीण काय म्हणाली? खरं सांग."

"मी इचारलं, यांना गड चढता यील का. त्या म्हणल्या, गरगर थांबली की खुशाल चढू द्या." तिला लई धाप लागली होती. "तुमाला सांगितलं असतं तर खरं मानलं असतं का?"

मानलं नसतं.

एवढ्यात तिचा पाय सरकला. मी हात पुढं केला. तिनं तो धरला आणि सगळा भार माझ्यावर टाकला, कालपरवापर्यंत चक्कर येणाऱ्या माणसावर. मी तिला वर ओढून घेतलं. डोकं फिरलं नाही.