तोंड माझं, हात तिचे

पाचवीत असताना मास्तरांनी मला दुसऱ्याच्या चुकीसाठी मारलं. मी दप्तर तिथंच टाकलं आणि चालू लागलो, पुन्हा त्या शाळेचं तोंड पाहिलं नाही. हे मी जन्मभर छाती पुढे काढून सांगत आलो. कॅल्गरीत गणपतीला पुण्या-नागपूरची इंजिनियर पोरं भोवती बसली की जरा जास्तच जोरात. चौथी पास माणसानं या देशात वीस वर्षं अठरा चाकी ट्रक चालवला, म्हणायचो. आज लिहितोय ते मात्र कुणाला सांगितलेलं नाही.

डोळे अधू झाले आणि ट्रकचं लायसन गेलं. साध्या गाडीचं तेवढं राहिलं. लेक म्हणाली, "बाबा, बेसमेंट रिकामंच आहे, या दोघं." लेकीच्या बेसमेंटमध्ये राहायचं? मी एक जुना ट्रेलर घेतला, पिकअपच्या मागे जोडून ओढायचा. आत शेगडी, मोरी, पलंग, सगळं पेटीत बसवल्यासारखं. हिवाळा समुद्राकडच्या बाजूला, उन्हाळा रेजिना शहराजवळ तळ्याकाठी. लेकीनं तोंड पाडलं. बायको एवढंच म्हणाली, "माझे डबे मावतील ना?"

आणि मी रिटायरही झालो नाही. जुन्या ट्रक कंपनीत डिस्पॅचचं काम मिळालं, तेही घरबसल्या. कुठल्या ड्रायव्हरनं कुठला माल कुठून उचलायचा, किती वाजता कुठल्या दारी लावायचा, हे ठरवायचं आणि कळवायचं. फोनवर बोलायला मी पक्का. रस्ते मला तळहातासारखे पाठ. पण गिऱ्हाइकांचे इंग्रजीतले ईमेल वाचायचे, उत्तरं लिहायची, कॉम्प्युटरवर रकाने भरायचे, हे काम बायकोचं. ती बारावी झालेली. लायब्ररीच्या फुकटच्या क्लासला जाऊन कॉम्प्युटरही शिकली होती. तेव्हा मी हसलो होतो, "आता या वयात कलेक्टर होतेस काय?"

तर जेवायच्या टेबलावर आम्ही दोघं बसायचो. तोंड माझं, हात तिचे. नाव एकट्याचं, माझं. चार वर्षं. व्हिडिओ कॉल आला की ती लॅपटॉप माझ्याकडे वळवायची आणि स्वतः शेगडीपाशी सरकून उभी राहायची. मी कधी सरक म्हटलं नाही. कधी थांब असंही म्हटलं नाही.

गेल्या उन्हाळ्याच्या शेवटी कॅल्गरीहून मॅनेजरबाईंचा कॉल आला. पंजाबी मुलगी, माझ्या लेकीच्या वयाची. "अंकलजी, तुमच्यासारखं स्वच्छ काम ऑफिसात कुणाचं नाही," तिनं हिंदीत सांगितलं. नवीन माणसं येणार होती, त्यांना दाखवायला माझेच ईमेल घेते म्हणाली. मी हो हो करत होतो. मग तिनं सहज विचारलं, "आंटीजी तुम्हाला मदत करतात का हो?"

बायको दोन हात अंतरावर, शेगडीपाशी उभी होती. कांदा चिरायची थांबली.

"ती?" मी म्हणालो. "तिला यातलं काय कळतंय? ती चहा करते, बस."

मॅनेजर हसली. मी पण हसलो. कॉल संपला. बायकोनं कांदा चिरून संपवला, हात धुतले, समोर येऊन बसली.

"अहो, एकदा तरी सांगायचं होतंत. मागितलं नव्हतं मी काही. पण तिनं आपणहून विचारलं होतं."

"त्यात काय एवढं? पगार घरातच येतोय ना?"

"येतोय," ती म्हणाली. "मग उद्यापासून तुम्हीच लिहा."

ट्रेलरमध्ये रुसायला दुसरी खोली नसते. ती तिथंच, माझ्या गुडघ्याला गुडघा लागेल अशी बसून स्वेटर विणत राहिली. मी पण हट्टाला पेटलो. चौथी पास असलो म्हणून काय झालं, असं म्हणत लॅपटॉप ओढून घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बटाट्याच्या मालाचा लांबलचक ईमेल आला. मी वर गोदामाचं नाव ओळखलं, खाली आकडा ओळखला तो वेळेचा. मधला मजकूर कोण वाचत बसतंय? त्या गोदामात मी स्वतः पन्नासदा माल उतरवलेला. ड्रायव्हरला फोन लावला, रस्ता तोंडी सांगितला. बायको टाके मोजत होती. "वाचलंत का नीट?" एवढंच विचारलं तिनं. मी म्हणालो, "तू तुझं विण."

दुपारी ती कॅम्पग्राऊंडच्या धोबीघरात कपडे घेऊन गेली, आणि ड्रायव्हरचा फोन आला. "चाचा, इथं कुलूप आहे. आत गवत वाढलंय. तीन तास झाले थांबून." गोदाम शहराबाहेर हललं होतं. मधल्या मजकुरात तेच लिहिलेलं होतं. तो नव्या जागी पोचेपर्यंत त्याची वेळ गेली होती. माल घ्यायला त्यांनी नकार दिला, त्या पोराची पुढची फेरीही बुडाली.

मग मॅनेजरचा फोन. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "अंकलजी, ये आपसे कैसे हुआ? आप तो एक-एक अक्षर पढ़ते हो."

मी खिडकीतून धोबीघराकडे पाहिलं. तोंडातून निघून गेलं, "मैं नहीं पढ़ता, बेटी. पढ़नेवाली कपड़े धोने गई है." मग सगळंच सांगितलं, चार वर्षांचं.

बायको धुतल्या-वाळल्या कपड्यांचा वास घेऊन परत आली. ड्रायव्हरचं काय झालं तेवढं मी तिला सांगितलं. दुसरं सांगितलं नाही. चादरीची दोन टोकं मी धरली, दोन तिनं. घडी करताना चार वेळा समोरासमोर आलो, तरी नाही सांगितलं. खोटं तिच्यादेखत बोललो होतो, खरं तिच्या पाठीमागे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅनेजरचा व्हिडिओ कॉल आला. "आंटीजींना बोलवा." बायको पदराला हात पुसत आली. तिला वाटलं माझी नोकरी चालली. माझ्याकडे न बघताच तिनं तिच्या मोडक्या हिंदीत सुरू केलं, "बेटा, कल मेरी गलती हुई. ये काम कर रहे थे, मैं बीच में बड़बड़ कर रही थी. इनको डाँटना मत."

पलीकडून ती मुलगी हळूच म्हणाली, "आंटीजी, अंकलने कल सब बता दिया मुझे."

मला तेव्हा त्या ट्रेलरमधून उतरून तळ्याकडे निघून जावंसं वाटलं. मास्तरांसमोरून गेलो होतो तसंच. पण दारात तिचीच खुर्ची होती.

मॅनेजरनं भला मार्ग काढला. ट्रक अडकल्याबद्दल मला ताकीद मिळाली, आणि लिहायच्या कामासाठी आंटीजींनी स्वतःच्या नावानं अर्ज भरावा, वेगळा पगार मिळेल, असं ठरलं. कॉल संपल्यावर बायकोनं लॅपटॉप स्वतःकडे वळवला.

"तिला सांगितलंत," ती म्हणाली. "मला नाही."

"सांगणार होतो."

"कधी? मी मेल्यावर? की लेकीकडून कळवणार होतात?"

तिनं चष्मा लावला, अर्ज उघडला आणि नाव, जन्मतारीख भरत खाली आली. एका रकान्यावर थांबली.

"या कामाचा अनुभव किती, विचारलंय. काय लिहू?"

"चार वर्षं."

"सुरुवातीला काही दिवस तुम्ही केलं होतंत की."

"नव्हतं केलं," मी म्हणालो. "एकही दिवस नाही. चारच लिही."

तिनं चार दाबलं आणि पुढच्या रकान्यावर गेली. मला वाटलं होतं, तोंडावर एवढं बोललो की छाती हलकी होईल. झाली नाही. तिची बोटं भरभर चालत होती, आणि मी पहिल्यांदाच त्यांच्याकडे नीट बघत होतो.