मुकादमाची दुपार

आखातातल्या अल् घुब्रा या वस्तीतील आमच्या इमारतीच्या दुरुस्तीवर असलेल्या मालवणकडच्या मुकादमाचे नाव मी कधी विचारले नाही. उन्हाळ्यात भर दुपारी उघड्यावर काम करून घेणे येथे कायद्याने निषिद्ध आहे. या नियमाचा भंग दिसला की मी त्याच दिवशी कामगार खात्याला पत्र लिहितो. हा गृहस्थ मात्र वेळ होताच "यल्ला, खलास", म्हणजे चला, संपले, असे म्हणत सर्व कामगारांना परांचीवरून उतरवी आणि स्वतः शेवटी उतरे.

माझा संताप वेगळ्याच कारणासाठी होता. रक्तदाबामुळे डॉक्टरांनी त्याला दुपारी झोपण्यास बजावले होते, आणि हा जिन्यात बसून घरी व्हिडिओ कॉल लावी.

"ही विश्रांती कायद्याने शरीरासाठी दिलेली आहे," मी सुनावले. "उद्या चक्कर येऊन वरून पडलात तर?"

"काका, रात्री माका सुटी गावता तेव्हा घराकडची सगळी निजलेली आसतत," तो हसून म्हणाला. "मगे बोलू कधी?"

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा सुनावण्याच्या तयारीने जिन्यात गेलो. तो पुठ्ठ्यावर गाढ झोपला होता. भिंतीला टेकवलेल्या फोनमध्ये त्याची बायको तांदूळ निवडत होती. मला पाहताच तिने ओठांवर बोट ठेवले.

"हळू हां, काका. आताच डोळो लागलो. रोज असेच निजतत. फोन बंद केलंय की जागे होतत."

तेवढ्यात खाली ट्रकवाल्याने हॉर्न वाजवला. मी झेपेल तितक्या वेगाने जिना उतरलो आणि एकाही कलमाचा उल्लेख न करता त्याला गप्प केले.