रेलिंगजवळची गिनती

हे मी आजपर्यंत कोणालेच सांगितलं नाही. बायकोलेही नाही — आन् ती तर माझ्या पोटातलं तोंडावरून ओळखते. मंग तुमाले कावून सांगून राहिलो? माहीत नाही बापा. रोज संध्याकाळी गेट वाजते, ते आता सहन होत नाही, एवढंच.

गेट गजूभौ वाजवते. स्टील प्लांटच्या कॉलनीत, सेक्टर दहात आमचे क्वार्टर शेजारी-शेजारी होते, रिटायर झाल्यावर दोघंही स्मृति नगरले आलो. तो काठी टेकत येते, चहा पिते, जाते. ती काठी — पण आधी जंगलाचं सांगतो.

नोकरीत असतानाची गोष्ट. आमच्या शॉपची, म्हणजे प्लांटातल्या खात्याची, पिकनिक होती. जंगलातला धबधबा, समोरच्या टेकडीवरून बघायचा. वाट म्हणजे काय, लेकरंही हसत-खेळत चढतील अशी. तरी आम्ही प्लांटवाले. गॅसच्या जागी एकट्यानं जायचं नाही, जोडीदार सोडायचा नाही, हे अंगात मुरलेलं. साहेबानं बसजवळच जोड्या लावून देल्या. माझा जोडीदार गजूभौ. ड्यूटीवरही तोच असे. एकदा मले गॅस लागली, तर यानंच बगलेत हात घालून बाहेर ओढलं होतं.

आम्ही सगळ्याईच्या मागं होतो. गजूभौचं आपलं झाडं बघत हळूहळू चालणं. आन् डावीकडं झुडपात काहीतरी घुरघुरलं. भालू, अस्वल — मले तेवढंच सुचलं. गजूभौनं माझी बाही धरली. मी... मी ती झटकली. जोरात. तो वाटेखालच्या खड्ड्यात गेल्याचा आवाज आला, दगडं घसरले, त्यानं "अरे" म्हटलं. मी ऐकलं. आन् पळालो.

वर रेलिंगजवळ सगळे फोटो काढून राहिले होते. साहेबानं गिनती सुरू केली. एकेका जोडीतला एक जण "दोन" म्हणे. माझी पाळी आली. तेव्हाच सांगितलं असतं तर पाच मिनिटांत माणसं खाली पोचली असती. पण मंग विचारलं असतं ना — तू एकटा कसा आला? बाही झटकली, हे कोणत्या तोंडानं सांगू?

"दोन," मी म्हटलं.

गर्दीत कोणी पाहिलं नाही. डबे उघडले. मीही जेवलो — हो, जेवलो. कान खालच्या झाडीकडं होते, पण उठलो नाही. दोन तास. मंग उतरताना सगळ्याईच्या पुढं धावत सुटलो आन् मीच ओरडलो, गजूभौ घसरला, आत्ताच, माझ्यासमोर.

तो हातात दगड घट्ट धरून बसला होता. भालू आलंच तर म्हणून. बोटं उघडत नव्हती त्याची. साहेबानं विचारलं, कधी पडला? गजूभौनं माझ्याकडं पाहिलं.

"आत्ताच," त्यानं म्हटलं.

पायाचं हाड मोडलं होतं, ते नीट जुळलं नाही. वहिनी अजूनही येणाऱ्या-जाणाऱ्याले सांगते, या भाऊजींनी वाचवलं म्हणून. गजूभौ काठी मांडीवर ठेवून ऐकते. मी चहा पितो.

त्या झुडपात भालू होतं की रानडुक्कर, मले आजही माहीत नाही. त्याले माहीत असन. त्यानं दोन तास तिथंच काढले.