गवत कापणारी गादी

भिकन मिस्तरीचं दुकान साक्री रोडवर, धुळ्याच्या वेशीबाहेर, एका निंबाखाली होतं. दुकान म्हणजे पान्यांची पेटी, बसायला जुना टायर आणि झाडाची सावली. सावली उन्हाबरोबर सरकायची आणि तिच्यामागे पेटी, टायर आणि भिकनही सरकायचे. सकाळी झाडाच्या एका अंगाला गाडी सोडून गेलेलं गिऱ्हाईक संध्याकाळी आलं की आधी दुकान शोधायचं आणि मग गाडी.

भिकनला एंजिनाची नाडी हातानं पाहायची सवय होती. मोटरसायकल असो की विहिरीवरचं रॉकेलचं एंजिन, तो प्लगची वायर काढायचा, तिचं टोक उघड्या बोटांत धरायचा आणि मालकाला म्हणायचा, "मारा किक!" मग जो झटका बसेल त्यावरून निदान. मुंगी चावली तर पॉइंट घासायचे. विंचू डसला तर प्लग बदलायचा. आणि म्हशीनं लाथ घातली, तर ठिणगी ठणठणीत, दोष तेलात शोधायचा. त्याची बायको बेबाबाई म्हणायची, "एकदा मीच येते किक माराले. मग समजी तुमले म्हैस काय शे ते!"

अशा माणसाला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती. न सरकणारं दुकान. अमृतलालशेठच्या कापसाच्या जिनाच्या फाटकाजवळ एक कोपरा गवत वाढून नुसता पडला होता. तिथे चार खांबांवर पत्रे टाकायची परवानगी भिकन कितीतरी दिवस मागत होता. कापसाच्या व्यापारात मुरलेले शेठ नाही म्हणत नसत. "पाहू" म्हणत. नाही म्हटलं असतं तर निदान रागावता तरी आलं असतं.

अठ्ठ्याहत्तर सालच्या भादव्यात हे "पाहू" अचानक हललं. त्याला कारण शेठजींचा अमेरिकेतला भाचा, प्रकाशचंद. जिनाच्याच आवारातल्या मामाच्या बंगल्यापुढे गवत फार, म्हणून त्यानं बोटीनं एक यंत्र पाठवलं आणि मागोमाग स्वतः आला. छोटा ट्रॅक्टरच म्हणा. वर बसायचं, खाली पातं फिरायचं, गवत सपाट. प्रकाशचंद त्यावर बसून फिरला तेव्हा अर्धं धुळं कंपाउंडवर लोंबकळत होतं. तो परत गेला, आणि यंत्र जे बंद पडलं ते पडलंच. गावातल्या मिस्तऱ्यांनी सुरू करायची दोरी ओढून ओढून खांदे दुखवून घेतले. सगळ्यांचं मत एकच, ठिणगीच येत नाही.

"मी सुरू करतो," भिकन शेठजींना म्हणाला. "पण मग कोपरा माझा."

"सुरू झालं तर कोपरा तुझा," शेठ म्हणाले. "नाही झालं, तर पुन्हा त्या कोपऱ्याचं नाव काढायचं नाही."

"काढत नाही. तुम्ही पत्र्यांचा रंग ठरवून ठेवा."

यंत्राची शान राखली होती. त्याच्या सीटवर शेठाणींनी, म्हणजे राजकुंवरबाईंनी, पेढीवरच्या गादीसारखी पांढरीशुभ्र खोळ चढवली होती आणि वर कुंकवाचं बोट लावलं होतं. भिकननं वायर बोटांत धरली आणि बंगल्याचा माळी भटू याला दोरी ओढायला सांगितली. भटूनं शेजारी उभं राहून ओढली. म्हैस नाही, विंचू नाही, मुंगीसुद्धा नाही. भिकननं ठिणगी पाडणारा मॅग्नेटो उघडला, पॉइंट घासले, नवा प्लग लावला. पुन्हा काही नाही. शेठ ओट्यावरून पाहत होते.

"रंग पांढरा ठेवू का, मिस्तरी?" त्यांनी विचारलं.

मॅग्नेटोतून एक बारीक वायर निघून सीटखाली गेलेली भिकनला दिसली. मालकाच्या बुडाखाली ठिणगीचं काय काम? पाहावं म्हणून त्यानं गादीवर गुडघा टेकला आणि वाकला. प्लगची वायर अजून हातातच होती. नेमकी तेव्हाच भटूनं आपल्या मनानं दोरी ओढली.

"आय वो!" भिकन गवतात जाऊन बसला. आणि बसल्या बसल्याच हसायला लागला. "म्हैस! बठ्ठी, पुरी म्हैस शे रे भटू!"

उठून त्यानं पुन्हा वायर धरली आणि भटूला दोरी ओढत राहायला सांगितलं. गुडघा काढला, झटका गेला. टेकवला, म्हैस हजर. सीटवर वजन नसलं की ती बारीक वायर ठिणगी गिळून टाकत होती. स्वार पडला तर पातं थांबावं, म्हणून अमेरिकेतल्या कुणीतरी केलेली सोय. प्रकाशचंद बसून दोरी ओढायचा. त्याच्यामागे सगळ्यांनी उभ्यानं ओढली, कारण शेठजींच्या गादीवर बसणार कोण?

"भटू, बस वर."

"मी नही बसाव, भाऊ! शेठनी गादी शे ती!"

भिकननं प्लग घट्ट केला, वायर जोडली आणि ओट्याकडे वळला. "शेठजी, तुम्हीच बसा."

शेठ आढेवेढे घेत, धोतर सावरत बसले. भिकननं दोरी ओढली. धडधड सुरू झाली, आणि शेठजींचा हात कुठल्या दांडीला लागला कोण जाणे, गादी शेठजींसकट निघाली.

"अहो, माझे गुलाब!" राजकुंवरबाई ओरडल्या.

"शेठजी, उठा!" भिकन मागून धावत ओरडला. "उठा म्हणजे बंद!"

शेठ ताडकन उठले. यंत्र वाफ्याच्या काठावर गप्प झालं. शेठनी गादी हातानं दाबून पाहिली.

"म्हणजे मी बसल्याशिवाय हे चालतच नाही?"

"नाही, शेठजी."

"पेढीचंही तसंच आहे," शेठ राजकुंवरबाईंकडे पाहत म्हणाले.

सरकीचं पोतं ठेवलं तरी चालेल, हे वाक्य भिकनच्या जिभेवर आलं होतं. ते त्यानं गिळलं.

शेठ पुन्हा बसले. या वेळी दांड्या समजून घेतल्या, भिकनला दोरी ओढायला लावली आणि सरळ फाटकाकडे निघाले. कोपऱ्यातल्या गवतात शिरून त्यांनी एक चौकोनी फेरी मारली आणि मान वळवून धडधडीवरून ओरडले, "शेडला एवढी जागा पुरे का रे?"

भिकननं कापलेल्या चौकोनाकडे पाहिलं, मग उरलेल्या गवताकडे.

"पुरे शेठजी," तो ओरडला, "पण आता बसलाच आहात, तर अजून एक फेरी होऊ द्या!"