भावाने केलेली शार्डोने

माझा धाकटा भाऊ न्यूझीलंडच्या थंड दक्षिण भागात एका वायनरीत वाइन करायचं आणि चाखून पारखायचं काम करायचा. सुरतच्या डिंडोलीत, कापडाच्या लूमवर काम करणाऱ्या बापाच्या घरात वाढलेल्या पोराचं पोट नाकावर चालतं, याचं आम्हाला फार नवल.

गेल्या हिवाळ्यात तो घरी आला. आईने खिचडी केली, पण फोडणीतला लसूण करपला. घरभर वास सुटला होता.

"खिचडी कशी व्हयनी रे?" आईने विचारलं.

"मस्त," तो म्हणाला आणि जेवत राहिला.

हात धुताना मी त्याला गाठलं. तो नळाकडेच बघत म्हणाला, "ताई, तापानंतर वास गेला तो आलाच नाही. मालकाला अजून सांगितलेलं नाही."

येताना त्याने शार्डोनेची, म्हणजे पांढऱ्या वाइनची, एक बाटली आणली होती. स्वतः केलेली, आजारपणाआधीची शेवटची. गुजरातेत दारूबंदी, म्हणून बाहेरून येणाऱ्यांना मिळतो तो दारूचा परवाना त्याने काढला होता. आईच्या घरात बाटली नको म्हणून हॉटेलात खोली घेतली. दुसऱ्या दिवशी दुपारी मला तिथे बोलावलं.

"परवाना माझ्या एकट्याचा आहे, तू पिऊ नकोस. फक्त वास घे आणि सांग."

फिकट पिवळ्या वाइनचा ग्लास मी नाकाशी धरला. "लिंबाची साल. हिरवं सफरचंद."

"अजून?"

"पाटा धुतल्यावर ओल्या दगडाला येतो, तसा काहीतरी."

"लोणी? पिंपाचं लाकूड?"

"लाकूड नाही. ताज्या ताकासारखं आहे, अगदी जरासं."

मग त्याने घोट घेतला आणि तोंडात घोळवला. "आंबटपणा धारदार आहे. थंडीत द्राक्षं सावकाश पिकतात ना, म्हणून. जिभेवर हलकी. शेवटी किंचित खारट."

"म्हणजे चांगली झालीय?"

त्याने ग्लास खाली ठेवला. "ते नाही सांगता येत, ताई. जिभेला आंबट-खारट तेवढं कळतं. तू म्हणतेस ते सगळं मला आठवतं. लागत मात्र नाही."

मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. डोळे मिटून तो म्हणाला, "पुन्हा एकदा सांग ना."

मी पुन्हा सांगितलं. लिंबाची साल, सफरचंद, ओला दगड. तो लहान मुलासारखा ऐकत होता आणि त्याच्या गालांवरून पाणी ओघळत होतं.

परत गेल्यावर त्याने मालकाला खरं सांगितलं. मालकाने त्याला काढलं नाही, पॅकिंगला लावलं. डॉक्टर म्हणतात, वाट बघा. तो म्हणतो, आता सवय होतेय. मला अजून झालेली नाही.