पट्टा सैल करण्याआधी

लातूर जिल्हा नवा झाला आणि माझी बदली तिथं झाली. कचेरी भाड्याच्या इमारतीत, खुर्च्या अपुऱ्या, कपाटांवर अजून जुन्या जिल्ह्याचंच नाव. त्यात पाऊस गेलेला. माझ्याकडे टंचाईचं काम आलं. कुठल्या गावाला टँकर, कुठं जनावरांची छावणी, दिवसभर हेच टाइप करायचं. सुरुवातीला गावांची नावं टाइप करताना बोटं थांबायची. पुढं पुढं काहीच होईना. विहीर आटली काय आणि टाइपरायटरची रिबन संपली काय, मला सारखंच. त्याच वर्षी आईला कंधारकडच्या आमच्या गावाहून उपचारासाठी माझ्या खोलीवर आणलं.

तिचे गुडघे कामातून गेले होते. बसली की उठता येत नसे, उठली की बसणं जिवावर येई. भिंत धरून चालायची आणि चालताना शिव्या द्यायची. गुडघ्यांना, वारलेल्या वडिलांना, मला. तिच्या शिव्या ऐकतच मी मोठी झाले, त्यामुळे त्यांचं काही वाटत नसे. तिचं मागणं एकच होतं.

"माझ्या घरात मी माझ्या पायानं शिरीन," ती म्हणायची. "उचलून न्यायचं न्हाई मला. उचलून मेल्यावर नेत्यात."

दवाखान्यात व्यायाम करून घेणारा डॉक्टर उदगीरकडचा, तरुण आणि बोलघेवडा. गुडघ्यातली गादी झिजली की अंगाचा भार सोसत नाही, दुखतं म्हणून माणूस चालत नाही आणि चालत नाही म्हणून मांड्यांतला जोर जातो, असं त्यानं सांगितलं. त्यावर त्याचा उपाय छताला होता. लोखंडी रूळ, त्यावर सरकणारी कप्पी, कप्पीतून दोर आणि दोराला जाड कापडी पट्टा. पट्टा कमरेला आणि मांड्यांना बांधून निम्मं वजन वर ओढून घ्यायचं आणि माणसाला खाली चालवायचं. जोर येईल तसा दोर सैल करत जायचा.

आईनं पट्टा पाहिला, कप्पी पाहिली. बांधून घेतलं. पाय जमिनीला टेकलेले, भार वर. चालली. दुखत नव्हतं, हे तिच्या चालण्यावरून कळत होतं. पण ती एकही शिवी देत नव्हती. शिव्या न देणारी माझी आई मी पहिल्यांदाच पाहत होते.

महिना दीड महिना असाच गेला. चाल सुधारली, मांड्या भरल्या. मात्र डॉक्टरनं दोर सैल करायला हात घातला की आई दोन्ही पाय वर घ्यायची आणि पट्ट्यात लोंबकळत राहायची.

"मावशी, पाय टेका की!"

शेवटी डॉक्टर वैतागला. मला बाजूला घेऊन म्हणाला, "ताई, आता सैल केलं नाही तर सगळी मेहनत पाण्यात. पट्टा काही गावाकडं नेता यायचा नाही. तुम्हीच समजावा."

परतताना रिक्षात मी समजावू लागले. तिनं मधेच विचारलं, "तुला तांबडी आठवती का?"

आठवत होती. मागच्या मोठ्या दुष्काळात आमची तांबडी गाय गोठ्यात बसली ती उठेना. अशा जनावराच्या पोटाखाली पोती घालत, दोर आढ्यावरून टाकत आणि चार गडी ओढून त्याला उभं करत. मग घरच्या बाईनं आपल्या हातानं भाकरीचा घास भरवायचा. घास गिळला की दोर सैल करायचा, तोवर नाही, असा आमच्याकडचा रिवाज. तांबडीला आईनं घास दिला. तिनं तोंडात घेतला. वडिलांना उरलेली जनावरं छावणीत न्यायची घाई होती. "घेतला की! सोडा," ते म्हणाले. दोर सोडला आणि तांबडी कोसळली, ती गेलीच.

"मी थांबा थांबा म्हनत व्हते," आई म्हणाली. "घास तोंडातच व्हता. मी काढला, मग. कोरडाच निघाला."

मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. "माय, तू काय गाय आहेस?" मी म्हटलं.

"मी न्हाई. पर पट्टा त्योच हाय," ती म्हणाली आणि रस्त्याकडं बघत बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ज्वारीचं पीठ मळलं, भाकरी थापली आणि एक तुकडा रुमालात बांधून घेतला. मनात तेव्हाही काही नव्हतं. कचेरीत कागद टाइप करावा तसंच ते केलं.

डॉक्टरनं दोराला हात घातला तेव्हा मी म्हटलं, "थांबा."

"आता काय?"

मी रुमाल सोडला. आई माझ्याकडं बघत राहिली. पाय अजून जमिनीवर होते. मी तुकडा तिच्या तोंडाशी नेला, तिनं तोंड उघडलं. दात कमी, भाकरी कोरडी. ती चावत राहिली. डॉक्टरनं पाण्याचा पेला पुढं केला तर हातानंच नको म्हणाली. तो घड्याळाकडं बघू लागला. मी त्याचं मनगट धरून ठेवलं होतं, हे मला नंतर कळलं. अखेर तिचा गळा हलला. औषध घेतलेलं पोर दाखवतं तसं तिनं तोंड उघडून मला दाखवलं. रिकामं होतं.

"गिळला. सोड म्हन आता त्याला."

दोर सैल झाला. पट्टा कमरेवर ढिला पडला. ती जराशी खाली खचली, तळवे फरशीवर पसरले, पण ती उभी राहिली. आधी एक पाय उचलला, मग दुसरा. भिंतीपर्यंत गेली, वळली आणि माझ्यावर डोळे वटारले.

"मेले, भाकर करपवलीस की गं!"

त्या वर्षात मला पहिल्यांदा रडू आलं.